ज्याचा त्याचा पेला

“चिमणे, आ कर गं.”

चिमणीने ओठ आणखी घट्ट मिटले. बाकीची मुलं सतरंजीवर ओळीने बसली होती, हातात आपापला पेला धरून, आणि सगळी तिच्याकडेच बघत होती. आमच्या घरचा नियमच तसा आहे. औषधाची घंटा झाली की सगळ्यांनी बसायचं, प्रार्थना म्हणायची आणि मग एकदमच प्यायचं. एक जण अडला की सगळे अडतात. त्या संध्याकाळी सगळे बराच वेळ अडले होते.

“माझा हात दुखायला लागला,” ओळीतला एक जण म्हणाला. सतत युक्तिवाद करतो म्हणून त्याला आम्ही वकील म्हणतो.

“मग दुसऱ्या हातात धर,” आई म्हणाली.

आई म्हणजे माझी बायको. मुलं तिला आई म्हणतात आणि मला आजोबा. हे नातं कसं जुळतं ते समजून घ्यायचा प्रयत्न मी कधीच सोडून दिला. मी पूर्वी एका शाळेत ग्रंथपाल होतो. आता या घरात माझ्याकडे तीन कामं आहेत. घंटा वाजवायची, पेले धुवायचे आणि दुपारी मुलांना गोष्ट वाचून दाखवायची. यातलं पेले धुण्याचं काम मी बरं करतो असं मला वाटतं.

चिमणीने शेवटी तोंड उघडलं, औषध आत घेतलं आणि सगळंच्या सगळं आईच्या बाहीवर थुंकून टाकलं.

आई रागावली नाही. तिने बाही पुसली आणि बाकीच्यांना म्हणाली, “प्या आता.” सगळे प्यायले, मीही प्यायलो. पण तिचा चेहरा मला वाचता येतो. डॉक्टरकाका स्पष्ट सांगून गेले होते की चिमणीच्या पोटात रोज औषध गेलं नाही तर ती हातात राहणार नाही. तिला येऊन दहाएक दिवस झाले होते आणि निम्मंही औषध पोटात गेलं नव्हतं.

हे पेल्यांचं काय आहे ते इथे सांगायला हवं.

प्रार्थनाघराच्या मागची कोठाराची इमारत रिकामी पडली होती. तिथल्या वडीलधाऱ्यांनी ती आईच्या स्वाधीन केली, तेव्हा आमच्याकडे चारच मुलं होती. काही मुलांना कुणीच नव्हतं. काहींचे आईबाप ज्या आजाराने गेले तोच आजार त्यांच्या रक्तात होता. आजारी मुलांना सकाळ-संध्याकाळ औषध मिळे, धडधाकट मुलांना नाही. एकदा अंगणात भांडण झालं आणि एक मुलगा दुसऱ्याला ‘औषधवाल्या’ म्हणाला. आई खिडकीत उभी होती. तिने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा सगळ्यांसमोर एकेक पेला आला. स्वयंपाकीणबाईंसमोर आला, माझ्यासमोर आला, तिने स्वतःसमोरही एक ठेवला. ज्यांना आजार होता त्यांच्या पेल्यात औषध होतं. बाकीच्यांच्या पेल्यात लिंबूसाखरेचं सरबत होतं, पण त्यात ती काहीतरी कडू घालते, त्यामुळे चवीवरूनही पत्ता लागत नाही. पेले ती एकटीच भरते, स्वयंपाकघराचं दार लावून. प्रत्येक पेल्यावर खिळ्याने कोरलेली खूण असते. कुणाची शिडी, कुणाचा मासा, कुणाची छत्री. आणि एकच कायदा. दुसऱ्याच्या पेल्यात डोकवायचं नाही, विचारायचंही नाही. डॉक्टरकाका येतात तेव्हा सुई सगळ्यांना टोचतात, मलासुद्धा.

मूल जाणतं झालं की आई त्याला एकट्याला गच्चीवर नेते आणि त्याच्या पेल्यात काय आहे ते सांगते. खाली येताना कुणी रडत येतं, कुणी शिट्टी वाजवत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे त्याच ओळीत बसतात.

देव तिला एखाद्या शेजाऱ्यासारखा वाटतो. त्याच्याकडे हक्काने मागायचं, वेळप्रसंगी त्याला चार शब्द सुनवायचे. माझं तसं नाही. प्रार्थनेत मी डोळे मिटतो, पण मिटल्यावर पुढे काय करायचं असतं ते मला अजून नीट जमलेलं नाही. मात्र पेल्यांच्या ओळीत बसलो की मला बरं वाटतं. ही कल्पना माझ्या बायकोची आहे, हे मी पाहुण्यांनी न विचारताही सांगतो. एरवी मी पाहुण्यांशी बोलत नाही.

तर त्या संध्याकाळी मी पेले गोळा करत होतो, तेवढ्यात दारात ताई उभी राहिली.

ताई आमच्या घरातली सगळ्यांत मोठी. तान्ही असताना आली होती, आणि आता महिन्यापूर्वी नर्सिंग शिकायला शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या वसतिगृहात राहायला गेली होती. तिच्या नर्सिंगच्या प्रवेशाची बातमी मी वाण्यापासून वाचनालयापर्यंत सगळ्यांना सांगून आलो होतो. मुलं ‘ताई, ताई’ करत तिच्या अंगाला झोंबली. तिने सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, पण नजर आईवर होती.

“आई, जरा आत ये,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरात गेल्यावर तिने पिशवीतून एक रिकामी बाटली काढली आणि ओट्यावर ठेवली. मी पेले घेऊन आत गेलो होतो, बाहेर कसं पडावं ते कळेना, म्हणून नळ सोडून धुवायला लागलो.

“ही संपली,” ताई म्हणाली. “म्हणून काल तिथल्या औषधाच्या खिडकीवर घेऊन गेले. म्हटलं, चिठ्ठी नंतर आणते, हेच द्या. त्या माणसानं वास घेतला, मग बुडाला राहिलेलं बोटाला लावून चाटलं. आणि मला विचारलं, ‘सिस्टर, सरबताला चिठ्ठी कशाला?’”

आईने बाटली उचलून हातात घेतली.

“मग मी रक्त तपासून घेतलं. काही नाहीये मला. कधी नव्हतंच, म्हणे.”

“नव्हतंच,” आई म्हणाली. “तू तान्ही असताना तपासणीत दिसलं होतं, पण ते तुझ्या आईच्या रक्ताचं उरलेलं होतं. वर्ष-दीड वर्षात गेलं. मग तुझ्या पेल्यात मी सरबतच घालत आले. पण ते तुला…”

“मला काय?”

“तुला माहीत होतं. तू म्हणालीस मला गच्चीवर. मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, ‘मला माहितेय, सांगू नकोस.’”

“त्याच्या आधी चार दिवस मास्तर गेला होता, आई.”

मास्तर म्हणजे ताईच्या बरोबरीचा मुलगा. सगळ्यांना पाढे शिकवायचा म्हणून मास्तर. दोघं शेजारी बसत. त्याच्या पेल्यावर तारा होता. तो पेला अजून फळीच्या कडेला पालथा ठेवलेला असतो आणि मी तो रोज बाकीच्यांबरोबर धुतो.

“माझी आई त्याच आजारानं गेली, हे मला माहीत होतं,” ताई म्हणाली. “मास्तर गेला. मला वाटलं, आता आपला नंबर. ते तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला. म्हणून म्हटलं, माहितेय. आणि तू ऐकलंस, आणि खाली निघून आलीस.”

“माझ्याच्यानं त्या दिवशी बोलवत नव्हतं गं. तू म्हणालीस तर मला बरंच वाटलं.”

“मी शाळेत कधी शर्यतीत पळले नाही. वसतिगृहात माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालते. मैत्रीण म्हणाली सुट्टीत माझ्या घरी चल, तर नाही म्हटलं. आणि अभ्यास केला ना एवढा? सगळे म्हणतात काय हुशार, काय हुशार. हुशार कसली. जायच्या आधी काहीतरी करून जावं म्हणून धावत होते.”

या घरात इतकी वर्षं ती आमच्या शेजारी बसून पेला प्यायली. कुणी तिला विचारलं नाही, तिने कुणाला विचारलं नाही. आमच्या कायद्याप्रमाणे सगळे अगदी बरोबर वागले होते.

“चुकलं माझं,” आई म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही. बहुतेक वेळा चुकलेलं माझंच असतं.

ताईने डोळे पुसले. मग बाटलीकडे बघून म्हणाली, “आणि ही? जाताना मी बाटली मागितली, तर तू काठोकाठ भरून दिलीस. ती कशाला?”

“मला वाटलं, घरची आठवण म्हणून नेतेयस.”

ताईला हसू आलं. रडता रडताच आलं, त्यामुळे तिला ठसका लागला. मी हातातला पेला पाण्याने भरून पुढे केला.

“आजोबा, याला साबण लागलाय,” ती म्हणाली.

पण हसून ते प्रकरण मिटलं नाही. झोपायला जाताना ताई आईला म्हणाली, “हे बंद कर, आई. माझ्यासारखं अजून एखादं बसलं असेल त्या ओळीत.”

“बंद केलं तर पुन्हा औषधवाले आणि बिनऔषधवाले होतील,” आई म्हणाली. “आणि चिमणी? तिला एकटीला पाजू? सगळे पितात तरी ती पीत नाहीये.”

दोघींचंही मला पटत होतं. माझं नेहमी असंच होतं, म्हणून मला कुणी काही विचारत नाही.

सकाळी मी घंटा वाजवली. मुलं बसली. ताईने फळीवरून आपला छत्रीचा पेला घेतला आणि आईपुढे धरला. आईने तो आत नेऊन भरून आणला. मला वाटलं, चला, निवळलं. प्रार्थना झाली. ताई जाऊन चिमणीच्या समोर मांडी घालून बसली.

चिमणीने ओठ मिटलेलेच होते. पण नव्या माणसाकडे बघण्याचा मोह तिला आवरेना. तिने ताईच्या पेल्याकडे बोट केलं. “तुझ्यात काय आहे?”

ओळीत कुणीतरी श्वास ओढून घेतला. वकील म्हणाला, “असं विचारायचं नसतं.”

ताईने आईकडे पाहिलं. आई औषधानंतर द्यायच्या दुधाची किटली हातात धरून उभी होती. तिने होही म्हटलं नाही आणि नाहीही.

“माझ्यात सरबत आहे,” ताई म्हणाली. “मला आजार नाहीये. तुला आहे, म्हणून तुझ्यात औषध आहे.”

“कडू?”

“दोन्ही कडूच. पिऊन बघ माझं.”

चिमणीने ताईच्या पेल्यात जीभ बुडवली आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग बराच वेळ विचार केला. “तुला आजार नाही, तर तू कशाला पितेस?”

“तुझ्या सोबतीला.”

चिमणीने ओळीतल्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, जणू हे सगळे इथे कशासाठी बसलेत ते तिला आत्ताच समजलं होतं. मग तिने आपला पेला दोन्ही हातांनी उचलला आणि प्यायली. मध्येच थांबली, अंग शहारलं, पुन्हा प्यायली. पेला रिकामा करून तिने ताईला उलटा करून दाखवला.

ओळीच्या टोकाला बसलेली एक मोठी मुलगी हळूच म्हणाली, “माझ्यातपण औषध आहे.”

“माझ्यात सरबत,” वकील म्हणाला. “मला केव्हाचं माहितेय.”

“मी नाही सांगणार,” एक जण म्हणाला.

“नको सांगूस,” आई म्हणाली. किटली तिने खाली ठेवली होती. “ज्याला सांगायचं त्यानं सांगा. ज्याला जाणून घ्यायचंय त्यानं गच्चीवर या. आणि माहितेय म्हणालात तरी मी सांगितल्याशिवाय खाली सोडणार नाही.” हे शेवटचं ती ताईकडे बघून म्हणाली. ताईने मान हलवली.

त्या दोघींकडे बघताना माझा ऊर भरून आला. मी गोष्टी वाचून दाखवतो, त्यात असं कुणी एका वाक्यात हार मानून त्याच वाक्यात घर पुन्हा उभं करत नाही.

“आजोबा, तुमच्यात काय?” वकिलाने विचारलं.

“सरबत,” मी म्हणालो, आणि मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

“आणि आई, तुझ्यात?” चिमणीने विचारलं. तिला आता प्रश्न विचारण्याची गोडी लागली होती.

आई आपल्या जागेवर बसली. तिच्या पेल्यावर दिवा कोरलेला आहे. रोज मी तो धुतो. तिने तो हातात घेतला, थोडा फिरवला.

“औषध,” ती म्हणाली.

मुलं सांगत होती तितक्याच साधेपणाने तिने सांगितलं. ताई अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली. मी आईकडे बघत राहिलो. कसलं, केव्हापासून, डॉक्टरकाकांना माहीत आहे का, सगळे प्रश्न एकदम आले. पण आमच्या घरात विचारायची सवय नाही, आणि मला तर कुठेच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजरेनेच सांगितलं, गच्चीवर.

चिमणी उठली. रिकामा पेला हातात घेऊन ती सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि आईला खेटून बसली.

“पी तू,” ती म्हणाली. “मी बसलेय इथं.”

आईने पेला तोंडाला लावला. मग आम्ही सगळे प्यायलो.