नऊचा घाव

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, परभणीतल्या एका कचेरीच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्यांखाली माझा मुक्काम असतो. पाली माझ्या पाठीवर बिनधास्त अंडी घालतात. त्यांचा मला राग नाही. माझा राग माणसांवर आहे, आणि तो आज सांगून टाकतो.

त्र्याण्णव साली मी रेल्वेने इथे आलो. लिंबाजी नावाच्या ऑपरेटरने पुण्याहून फ्लॉप्या आणून माझ्यात लिनक्स घातलं. मग माझ्या पोटात एका वेळी दहा-दहा कामं चालू लागली. ‘पीएस’ टाइप केलं की पडद्यावर दिसे, कोणतं काम चालू आहे, कुणाचं आहे आणि त्याचा नंबर काय. काम थांबवायला ‘किल’ लिहून तो नंबर द्यायचा. साधं किल म्हणजे ‘आता आवरा’ असं सांगणं. लिंबाजीचं काम मग हातातलं सगळं माझ्या तबकडीवर, म्हणजे कायमच्या साठ्यात, उतरवून ठेवी आणि थांबे. किलपुढे नऊचा आकडा लावला, की उभ्या उभ्या मुंडकं उडे. हातातलं सगळं जाई.

हेडक्लार्क बन्सीधररावांना नऊचीच सवय होती. खरं तर दुसऱ्याचं काम थांबवायचा हक्क एकट्या ‘रूट’चा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा. पण साधं खातं घेण्यात कचेरीच्या साहेबांना कमीपणा वाटला, मग बन्सीधररावांनाही वाटला. शेवटी सगळेच रूट झाले.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं, आणि बन्सीधररावांच्या गावातला बौद्धवाडा कुणीतरी पेटवला. तिथल्या सुलाबाईंची पाच वर्षांची लेक नर्मदा घरासोबत जळाली. भाजलेल्या हातांना फडकी गुंडाळून सुलाबाई जळितांचे अर्ज घेऊन कचेरीत आल्या. त्याच समाजाचा लिंबाजी सकाळपासून ती नावं माझ्यात भरत होता. संध्याकाळपर्यंत यादी वर सरकारकडे गेली नाही, तर गावात काही घडलंच नाही असा अहवाल जाणार होता.

दुपारी दार फोडून भुजंग पाच माणसांसह आत शिरला. बन्सीधररावांच्याच भावकीतला हा. त्यांनी अर्जांचा ढीग करून काडी लावली. लिंबाजीचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि वर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज माझ्या पंख्याच्या घरघरीतही ऐकू आला. मग मला जोडलेल्या दोन पडद्यांपैकी एक फोडला. तेवढ्याने मी मेलो असं त्यांना वाटलं. पण दुसऱ्या पडद्यावर नावं तशीच होती.

भुजंगाने बन्सीधररावांची गचांडी धरली. “बंद कर ते. न्हाई तर तुजाबी हात तोडतो.”

बन्सीधररावांनी पीएस केलं. लिंबाजीच्या कामाचा नंबर सापडला.

“बन्सीधरराव, नऊ लावू नका,” जमिनीवरून लिंबाजी हळूच म्हणाला. “नुसतं बंद करा.”

भ्यालेली बोटं सवयीच्या वाटेने गेली. नऊ लागला. सकाळपासूनची सगळी नावं माझ्यातून एका क्षणात गेली. मला रडता येत नाही, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

भुजंग हसत निघून गेला. साधं किल केलं असतं तर त्याला कळलंही नसतं आणि नावंही राहिली असती, हे बन्सीधररावांना आता उमगलं. इतका वेळ कोपऱ्यात बसलेल्या सुलाबाई उठून त्यांच्यापाशी गेल्या.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “पयलं नाव नर्मदा. वय पाच.”

दारामागून दार आठवत सुलाबाईंनी एक्केचाळीस घरं तोंडपाठ सांगितली. कुणी जाळली, तेही सांगितलं. आपल्या भावकीची नावं बन्सीधररावांनी स्वतःच्या हाताने लिहिली, आणि प्रत्येक नावानंतर ते तबकडीवर उतरवलं. दिवस मावळायच्या आत यादी कागदावर छापून वर गेली.

मित्रांनो, चालू काम थांबवण्याआधी ते कुणाचं आहे, हे बघत जा. आणि एक विनंती. उद्या भंगारवाला येणार आहे. त्याने मला खुशाल न्यावं. तेवढी माझी तबकडी आधी काढून ठेवा. यादीचा तो कागद कुठल्या कपाटात गेला, कुणास ठाऊक. नर्मदाचा फोटो कुणी काढला नव्हता, शाळेत तिचं नाव घातलं नव्हतं. ती या जगात होती, एवढं सांगणारा आता मीच उरलो आहे.