बारा मिनिटं पुढं

‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण ज्यानं कुणी रचली, त्यानं लष्कर मोहल्ल्यातल्या विठ्ठलरावांकडे कधी कापड टाकलं नसणार. मंगळवारी पाचला देतो म्हटलं की मंगळवारी पाचला. काजं झालेली, बटणं लागलेली, इस्त्रीची घडी अजून गरम. तीस वर्षांत त्यांचा एक वायदा चुकला नव्हता, आणि त्याचं गुपित दुकानाच्या भिंतीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. ते घड्याळ बारा मिनिटं पुढं चालायचं.

नुसतं तेच नाही. माडीवरच्या बिऱ्हाडातलं घड्याळ, विठ्ठलरावांच्या मनगटावरचं, त्यांच्या बटणांच्या साध्या मोबाइलमधलंसुद्धा, सगळी बारा मिनिटं पुढं. वडिलांपासून चालत आलेली ही रीत. दहा का नाहीत, असं कुणी विचारलं तर ते सांगत की दहा मिनिटं माणूस मनातल्या मनात चटकन वजा करतो आणि पुन्हा पाय पसरतो. बारा वजा करायचा त्याला कंटाळा येतो.

हे शास्त्र घरातच एका जागी साफ हरलं होतं. त्यांची मुलगी सहना, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. तिला बारा वजा करायला श्वासही घ्यावा लागत नसे. “अप्पा, अजून बारा मिनिटं हैत की!” म्हणायची आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायची. त्या मोबाइलमध्ये ‘नाइन गेट्स’ नावाचा एक खेळ होता. दोन्हीकडं चार-चार गडी, प्रत्येक जण आपापल्या घरी बसलेला, आणि मध्ये एका किल्ल्याचे नऊ दरवाजे. जास्त दरवाजे राखेल तो जिंकला. “हा खेळ काय पोट भरणार हाय का?” असं विठ्ठलराव दिवसातून दोनदा विचारत, आणि सहना दोन्ही वेळा उत्तर देत नसे.

पण कान काही बंद करता येत नाहीत. मशीन खाली, सहना वर माडीवर, मध्ये लाकडी तक्तपोशी. आठ महिने तिचा आवाज वरून गळत होता. चार मुलींच्या संघाची ती कप्तान होती, आणि सगळ्या कर्नाटकातून गाळत गाळत तो संघ अंतिम सामन्याला पोचला होता. सामना रविवारी दुपारी चारला. चारच्या ठोक्याला चौघीही खेळात हजर पाहिजेत. एक जरी बाहेर राहिली तरी समोरच्यांना न खेळता विजय. मागच्या रविवारी, उपांत्य सामन्याला, सहना आत शिरली तेव्हा चाळीस सेकंद उरले होते. तिची मैत्रीण चैत्रा फोनवर रडली होती. विठ्ठलराव खाली कॉलर उलटवत होते. त्यांनी सगळं ऐकलं.

म्हणून त्या रविवारी सकाळी, सहना न्हायला गेली असताना, त्यांनी तिचा फोन उचलला. तो उघडायची खूण घरात सगळ्यांना पाठ होती. आत घड्याळाचं चित्र शोधलं, ‘आपोआप’ लिहिलेलं बटण बंद केलं आणि वेळ बारा मिनिटं पुढं सरकवली. सांगितलं असतं तर तिनं ती बारा वजा केली असती, म्हणून सांगितलंही नाही. मग खाली आले. जूनचे दिवस, शाळेचे गणवेश ढिगानं पडलेले. अर्ध्या तासात ही गोष्ट ते विसरूनही गेले.

दुपारी साडेतीनला सहना दुकानात येऊन कापायच्या मेजावर मांडी घालून बसली. समोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या गगनचं वायफाय तेवढ्याच कोपऱ्यात धडपणे पोचायचं. तिची आई कावेरीबाई सरस्वतीपुरमला बारशाला गेलेल्या. विठ्ठलरावांनी मशीनचा वेग जरा कमी केला, इतकंच.

“अय्यो!” सहना किंचाळली. “मला आत घेईना!”

झालं असं होतं की सकाळी खेळाचं नवं अपडेट आलं होतं आणि त्यानं सगळ्यांनाच बाहेर काढलं होतं. पुन्हा शिरायचं तर नाव, पासवर्ड आणि वर एक सहा आकडी कोड घालावा लागे. तो कोड तिच्याच फोनमधलं दुसरं एक अ‍ॅप देई. सहनानं कोड घातला. ‘कोड चुकीचा’. पुन्हा घातला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. चुकीचा. तिसऱ्यांदाही चुकीचा.

ओरडा ऐकून गगन रस्ता ओलांडून आला. गगनकडं कुठल्याही दुखण्यावर तीनच औषधं. त्यानं फोन बंद करून चालू केला, वायफाय काढून सिमचं नेट लावलं, विमानाचं चित्र दाबून सोडलं. सहनानं चौथ्यांदा कोड घातला. आता पडद्यावर लाल अक्षरं आली: एकच प्रयत्न शिल्लक, तोही चुकला तर खातं चोवीस तास बंद.

तेवढ्यात विठ्ठलरावांच्या बटणांच्या फोनवर चैत्राचा फोन आला. “सहना कुठं हाय? आम्ही तिघी आत हाओत. तिला बेग यायला सांगा, लवकर!” विठ्ठलराव “येतेय, येतेय” म्हणाले आणि फोन ठेवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“एकच उपाय हाय,” गगन म्हणाला. “फोन पूर्ण पुसायचा. फॅक्टरी रिसेट. सगळं नव्यानं घालू.”

“आणि कोडचं अ‍ॅप? तेही पुसलं जाईल ना?”

“ते... हां. जाईल.”

“ठेव तो फोन खाली,” विठ्ठलराव म्हणाले. आवाज असा निघाला की गगननं फोन खरोखरच खाली ठेवला.

विठ्ठलरावांना कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गिऱ्हाइकाची तक्रार आली की आधी कात्रीला हात घालतो तो शिंपी कापडाचा खून करतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणूस म्हणतो गळा आवळतोय, आणि खोट निघते खांद्यात. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेपर्यंत एक टाकाही उसवायचा नसतो.

“सहना, पहिल्यापासून सांग. एकेक.”

“अप्पा, सुम्नं, गप बसा ना! तुम्हाला काय कळणार त्यातलं!”

हे लागलं. खोलवर लागलं. पण ती भीतीनं बोलतेय हेही त्यांना दिसत होतं. ते स्टुलावरून उठले आणि मेजाजवळ जाऊन उभे राहिले. “कळंना तर कळंना. सांग तरी. नाव घेतंय का?”

“घेतंय.”

“पासवर्ड?”

“तोही घेतंय. म्हणून तर पुढं कोड मागतंय.”

“म्हणजे तिथवर शिवण बरोबर हाय. खोट कोडात हाय. तो कोड कोण देतं?”

“हे अ‍ॅप देतं. दर अर्ध्या मिनिटाला नवा.” सहनानं डोळे पुसले. “तिकडं कंपनीचा कंप्युटर आणि हिकडं हा फोन, दोघंबी घड्याळ बघून एकच गणित करतात. म्हणून दोन्हीकडं तोच आकडा येतो. यायला पाहिजे.”

“घड्याळ बघून?”

“हो, अप्पा. घड्याळ बघून.”

विठ्ठलरावांनी भिंतीकडं पाहिलं. चारला सात कमी. त्यांनी मेजावरच्या फोनकडं पाहिलं. चारला सात कमी.

दोन्ही एकच. या घरात सहनाचा फोन आणि दुकानाची भिंत यांचं आजवर कधी म्हणून जमलं नव्हतं. विठ्ठलरावांच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळची सगळी करणी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पोरीला वेळेवर पोचवायला म्हणून गेले आणि तिच्या दारालाच कुलूप घालून बसले.

‘मीच केलं’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोर गगन, समोर ती लाल अक्षरं, आणि सहनाचे ते डोळे. आधी तिला आत जाऊ दे, मग सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर ते घाबरले होते.

“दे हिकडं,” म्हणत त्यांनी फोन घेतला, घड्याळाचं चित्र उघडलं आणि ‘आपोआप’चं बटण चालू केलं. तीन त्रेपन्नचे तीन एकेचाळीस झाले.

“अरे देवा!” गगन ओरडला. “घड्याळच चुकीचं होतं! सार, हे मला सुचलंच नाही!”

सहना आकडे घालायला गेली. “थांब,” विठ्ठलराव म्हणाले. “हा कोड संपत आलाय. नवा येऊ दे, मग घाल.” नवा कोड आला. सहनानं सहा आकडे घातले आणि डोळे मिटून घेतले.

दारं उघडली. पडद्यावर नगारे वाजले, चैत्राचा आवाज आला, “आली गं आली!” आणि सहनानं मेजावरून उडी मारून बापाच्या गळ्यात हात टाकले. “अप्पा, तुम्ही ग्रेट हाय! आणि अजून एकोणीस मिनिटं हैत!” गगन तर रस्त्यात जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला की विठ्ठलराव सारांनी काय कमाल केली. मंडी मोहल्ल्यातून आलेलं एक गिऱ्हाईक त्यांचा हात हातात घेऊन गेलं. विठ्ठलराव सगळ्यांकडं पाहून हसत होते, आणि हसताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती.

चारला सामना सुरू झाला. तीन डाव, दोन जिंकणारा विजयी. विठ्ठलराव मशीनवर बसले, पायडलवर पाय ठेवला, पण चाक काही फिरवलं नाही. पहिला डाव सहनाच्या संघानं घेतला, दुसरा हरला. तिसऱ्यात सुरुवातीलाच दोन दरवाजे गेले.

“चैत्रा, तिसरा सोड,” सहना म्हणत होती. आवाज शांत, एकाही शब्दाला घाई नाही. सकाळी चप्पल शोधताना घर डोक्यावर घेणारी ती हीच का, असा प्रश्न पडावा. “सोड म्हटलं ना. येऊ दे त्यांना आत.” मग संघातल्या दुसरीला, “प्रार्थना, तू हलू नको. हलू नको.”

तिसरा दरवाजा म्हणजे उतारावरचा, हे विठ्ठलरावांना कळत होतं. तो सोडला तर समोरचे चौघं हावरटासारखे आत घुसणार आणि त्यांचे मागचे दरवाजे उघडे पडणार, हेही कळत होतं. ‘आता,’ ते मनात म्हणाले.

“आता!” सहना म्हणाली.

पुढच्या दोन मिनिटांत समोरच्यांचे चार दरवाजे पडले. गगन ओरडला, रस्त्यावरचे लोक आत डोकावले, आणि फोनमधून तीन पोरी एकदम रडायला आणि हसायला लागल्या. सहनाचा संघ कर्नाटकात पहिला आला होता. ती फोन छातीशी धरून मेजावर नुसती बसून राहिली. विठ्ठलरावांना वाटलं, आपली पोर एवढी मोठी कधी झाली?

मग बेंगळूरहून सामन्याचं वर्णन करणारा माणूस पडद्यावर आला. चौदा हजार लोक बघत होते. त्यानं कन्नडमध्ये सहनाला विचारलं की आज सगळ्यात कठीण क्षण कुठला. “खेळायच्या आधीचाच,” ती म्हणाली. “लॉगिनच होईना. माझ्या अप्पांनी दुरुस्त केलं. ते टेलर हैत!” आणि नको नको म्हणत असताना तिनं त्यांना ओढून शेजारी बसवलं.

“सार, भल्याभल्या इंजिनियरांना हे सुचत नाही,” तो माणूस म्हणाला. “तुम्ही चूक पकडली कशी?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. खांदा आणि गळ्याचं सांगितलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. दारातून गगन अंगठा दाखवत होता. विठ्ठलरावांनी एकदा मुलीकडं पाहिलं आणि तोंड उघडलं.

“पकडायचं काय त्यात,” ते कन्नडमध्ये म्हणाले. “चूक मीच केली होती. सकाळी हिच्या फोनचं घड्याळ मी बारा मिनिटं पुढं केलं. हिला न सांगता.”

गगनचा अंगठा हळूहळू खाली आला.

“का, सार?” पडद्यावरच्या माणसानं विचारलं.

“ही उशीर करते. मागच्या रविवारी चाळीस सेकंदांवर आत गेली. मला भीती वाटली, आज राहिली तर?” त्यांनी मुलीकडं बोट दाखवलं. “आठ महिने या पोरींनी केवढी मेहनत केली. मी खालून रोज ऐकतोय. सातव्या दरवाज्यावर ही एकटी सहा मिनिटं उभी राहिली होती, तेव्हा माझ्या हातून एका शर्टाची बाही उलटी शिवली गेली. आज ही हरली असती तर माझ्यामुळं हरली असती. मघा बोलायला घाबरलो. आता सांगतो.”

मग सहना बोलली, आणि चौदा हजार लोक ऐकताहेत हे विसरून घरच्या मराठीत बोलली.

“अप्पा, तुम्हाला सातवा दरवाजा माहीत हाय?”

“नऊच्या नऊ माहीत हैत.”

“मग रोज ‘पोट भरणार का’ का विचारता?”

“दुसरं काय विचारायचं ते सुचत नव्हतं,” विठ्ठलराव म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

सहना हसली आणि हसता हसता रडली. मग बाहीनं नाक पुसून ती पडद्याकडं वळली. “सार, पुढच्या महिन्यात देशपातळीचा सामना बेंगळूरला, समोरासमोर हाय ना? माझ्या मागं एक खुर्ची ठेवा. अप्पा येणार हैत. आणि सगळ्यांसमोर सांगते, फोनला हात लावायचा नाही, फक्त बघायचं.” ती बापाकडं वळली. “येणार ना?”

जूनपासून पुढं सणांचे कपडे, मग लग्नसराई, दुकान एक दिवस बंद ठेवायचं म्हणजे केवढी उलथापालथ, हे सगळं दर वेळी तयार असलेलं उत्तर त्यांना त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

“येणार,” विठ्ठलराव म्हणाले. “पहिल्या गाडीनं जाऊ.”