डब्याशेजारचा बिल्ला

अगं, तू फक्त ऐक. मधे ‘हो का’ नाही, ‘अय्या’ नाही. शेवटी मी विचारेन तेव्हा बोल.

तिला सगळे मिरची म्हणायचे. उंची एवढीशी, जीभ एवढी लांब. अणुवीज केंद्राच्या लाँड्रीत तिची अकरा वर्षं गेली होती. आत काम करणाऱ्यांचे बॉयलर सूट तिच्याकडे यायचे. ते धुवायचे, वाळवायचे, मग एकेक सूट टेबलावर पसरून त्यावरून किरणं मोजायच्या यंत्राची दांडी फिरवायची. दांडी गप्प राहिली तर घडी करून परत. किरकिरली तर पुन्हा धुवायचा. तीनदा धुऊनही किरकिरली तर सूट पिवळ्या पिंपात, कायमचा बाद. प्रत्येक सुटाच्या पाठीवर नंबर असायचा. मिरचीला माणसांची तोंडं आठवायची नाहीत, नंबर मात्र सगळे पाठ.

आणि त्या केंद्रावर तिचा भारी जीव. कोणी वाकडं बोललं की हिचा पट्टा सुरू. कारण काय, तिचा बाप नदीपलीकडच्या कोळशाच्या केंद्रात राख उपसायचा. घरी आला की आधी खोकायचा, मग बोलायचा. शेवटी शेवटी नुसताच खोकायचा. गेला तेव्हा कागदावर कारण लिहिलं, ‘वयोमानाने’. एकोणपन्नास वय! वयोमान म्हणे!

तिच्या गल्लीतच एक निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या, अणुभट्टीविरोधी समितीच्या पुढारी. दोघींची किराणा दुकानात रोज जुंपायची.

“काय गं मिरची, कधी उडणार तुझी भट्टी?”

“तुमचा पंखा बंद पडेल त्या दिवशी, बाई.”

“हसू नकोस. किरणं दिसत नाहीत, तीच तर भीती आहे.”

“दिसत नाहीत, पण मोजतात! माझ्या बापाच्या छातीत किती राख गेली, मोजली कोणी? इथे प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला असतो. आत किती किरणं लागली ते त्यात साठतं, महिन्याला आकडा बोर्डावर लागतो. मर्यादा भरली की माणूस बाहेर. कोळसा न मोजता मारतो, बाई. इथे निदान मोजतात!”

मोजतात. या एका शब्दावर ती सगळ्या गावाशी भांडायची. या एका शब्दावर तिने स्वतःच्या थोरल्या भावाला, दादाला, तिथे चिकटवलं होतं. दादा वेल्डर, ठेकेदाराच्या टोळीत.

आता झालं असं, की दुसरी भट्टी बांधायचं घाटत होतं आणि शुक्रवारी त्याची जाहीर सुनावणी होती. मोठ्या साहेबांनी मिरचीलाच बोलावलं. “आमचं इंग्रजाळलेलं कोण ऐकतंय? तुम्ही तुमच्या भाषेत चार शब्द बोला.” झालं! मिरची हवेत. धुण्याच्या मशीनसमोर उभी राहून भाषण घोकायला लागली.

तो महिनाभर भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती आणि वेल्डर आत पाइपांचे सांधे बदलत होते. बुधवारी टेबलावर तीनशे बारा नंबरचा सूट आला. दांडी फिरवली, किर्र. धुतला, किर्र. तिसऱ्यांदा धुतला, तरी किर्र. तीनशे बारा म्हणजे दादा. तीनशे नऊ, तीनशे पंधरा, अख्ख्या टोळीचे सूट तसेच. बरं, सूट किरकिरले म्हणून ती घाबरली नाही हं. घाण जागी काम केलं की कपडे घाण होणारच, कपडे असतात कशाला? पण चहाच्या सुट्टीत तिने सहज बोर्ड पाहिला. या महिन्याचे आकडे नुकतेच लागले होते. तीनशे बारा: जवळजवळ शून्य. लाँड्रीत बसून हिला लागलं होतं, त्याहून कमी!

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मुकादमाकडे.

“टाक पिंपात,” तो म्हणाला. “जुने सूट आहेत.”

“पण बोर्डावर तर...”

“तुझं काम कपडे धुवायचं. बोर्ड धुवायचा नाही.”

मग सुरक्षा विभागात गेली. तिथल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, “लेखी द्या. शुक्रवारनंतर बघू.” शुक्रवारनंतर! म्हणजे हिचं भाषण होऊन गेल्यावर!

कामावरून सुटली ती थेट दादाच्या घरी. दादा पाना घेऊन नळाची तोटी बसवत होता.

“दादा, बिल्ला कुठे असतो तुझा?”

“छातीवर.”

“माझ्या डोळ्यात बघून सांग.”

वहिनी गुपचूप आत गेली. तिथेच मिरचीला कळलं. दादा हसला. “लॉकरमध्ये असतो. डब्याशेजारी. म्हटलं, बघू डब्याला किती किरणं लागतात.”

“हसू नकोस, थोबाड फोडीन!”

“अगं, आतल्या त्या जागी दहा दिवसांत मर्यादा भरते. भरली की वर्षभर घरी बसा. ठेकेदार दारात उभा राहून सांगतो, ज्यांना काम हवंय त्यांनी बिल्ला विसरायचा. आम्ही विसरतो. शाळेत पाढे विसरायचो तसा.”

तिने त्याच्या हातातला पाना हिसकावला आणि भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडाच निघाला. “अरे मूर्खा, मी गावभर नरडं फोडून सांगते, मोजतात, मोजतात म्हणून!”

“सांग ना. शुक्रवारीही तेच सांग. दुसरी भट्टी आली की कायम करणार आहेत आम्हाला. तुझं काय जातंय?”

“बाप असाच म्हणायचा. राखेनं काय होतंय, राखेनं काय होतंय.”

“बापाला मधे आणू नकोस!” दादा ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघ, तू काही बोललीस तर मी संपलो. एवढं लक्षात ठेव.”

गुरुवार अख्खा शिव्यांत गेला. ठेकेदाराला शिव्या, मुकादमाला शिव्या, दादाला तर जास्तच. आणि स्वतःलाही, कारण त्याला तिथे चिकटवलं कोणी?

शुक्रवारी सकाळी अकराला शाळेचा हॉल खच्चून भरला. स्टेजवर मोठे साहेब, शेजारी सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी अधिकारीबाई. पहिल्या रांगेत मास्तरीणबाई, मांडीवर कागदांचा हा गठ्ठा. साहेबांनी भिंतीवर चित्रं दाखवली, मग गोड हसून म्हणाले, “आता आमच्या लाँड्रीतल्या ताई बोलतील.”

मिरची माइकपाशी गेली. माइक उंच, ही बुटकी. लोक हसले. तिने माइक खाली ओढला.

“मला दुसरी भट्टी हवी आहे,” ती म्हणाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. “तिसरीही हवी. माझा बाप कोळशाने खाल्ला. ज्यांना कोळसा गोड लागतो त्यांनी एक महिना राख उपसून बघावी.” साहेब आणखी जोरात. “पण आधी एक करा. आत्ता कामाची पाळी चालू आहे. वेल्डर आत आहेत. आत्ताच्या आत्ता जाऊन त्यांचे लॉकर उघडा आणि मोजा, किती बिल्ले आत लटकलेत!”

साहेबांच्या टाळ्या हवेतच राहिल्या. माइक बंद झाला. पण तिला माइक कशाला लागतोय? “कपडे किरकिरतात आणि आकडे शून्य! मोजायचंच नसेल तर तुमच्यात आणि त्या राखेत फरक काय हो?”

मास्तरीणबाई ताडकन उठल्या. “बघा! मी दहा वर्षं ओरडतेय!” असं म्हणून लागल्या टाळ्या पिटायला. मिरची गर्रकन वळली. “तुम्ही टाळ्या वाजवू नका, बाई! भट्टी बंद असताना हे पंखे कशावर फिरतायत? कोळशावर! माझ्या बापावर!”

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. “चला,” म्हणाल्या, “बघूया लॉकर.”

चौदा लॉकर उघडले. चौदाच्या चौदा बिल्ले आत. दादाचा डब्याशेजारीच होता, वहिनीने डब्याला बांधलेल्या फडक्याला टोचून ठेवलेला, हरवू नये म्हणून.

पुढे काय? ठेकेदार त्याच आठवड्यात पसार. मोठ्या साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर! चौदा जणांना घरी बसवलं. त्यांची तपासणी झाली तेव्हा मिरची दवाखान्याच्या बाकावर बसून होती. दादाने डॉक्टरला विचारलं, “मला एकूण किती लागलं असेल?” डॉक्टर म्हणाला, “रक्तात आत्ता काही दिसत नाही. पण नेमका आकडा कसा सांगू? मोजलंच नाही ना.”

बापाच्या वेळी जे झालं, तेच!

आणि समितीने काय करावं? चौकात मिरचीच्या फोटोचा फलक लावला: ‘आतली बाईच सांगते, अणुभट्टी नको!’ ती भर दुपारी लाँड्रीतला खराटा घेऊन गेली आणि फलकावरचं स्वतःचंच तोंड खरवडून काढलं. “मी नको म्हणाले नव्हते! मोजा म्हणाले होते!” लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तोवर दुसरी भट्टी लांबणीवर पडली आणि नदीपलीकडे कोळशाच्या केंद्राला आणखी एक चिमणी मंजूर झाली.

मागच्या महिन्यात ती दादाकडे गेली. वहिनीने दार अर्धंच उघडलं. दादा पाठ करून बसला होता.

“कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. भिंतीवरचा तो पोपडा अजून तसाच होता. “मेलो असतो तर माझ्या मर्जीने मेलो असतो.”

“आणि बाप? तो काय स्वतःच्या मर्जीने मेला?”

“जा तू.”

त्या दिवशी ती तिथून हलली नाही. अजून रोज जाते आणि उंबऱ्याबाहेर उभी राहते. दार काही उघडत नाही. मधेच आत दादा खोकतो. साधा खोकला असेल, हवा बदललीय. पण ही बाहेर उभी राहून ते खोकणं मोजते.

आता बोल. तिच्या जागी तू असतीस, समोर माइक, आत डब्याशेजारी सख्ख्या भावाचा बिल्ला, तर तू काय केलं असतंस?