शोभना रिक्षात बसली का?

"आखो एक ले," म्हणत मी धर्मेंद्रच्या ताटात तिसरा मांडा टाकला.

"मावशी, पोट फुटी जाई. तीन वाजताले निंघनं शे. सुरत काय जवळ शे?"

"तुन्ही माय कायमनी चालनी. शेजारना घरना मांडा खायाबिगर कोनी जास का?"

मांडा म्हणजे उपड्या खापरावर भाजलेली, परातीएवढी पुरणपोळी. त्यावर मी वाटीभर तूप ओतलं आणि दूधही. दोन मांडे खाल्लेल्या गड्याला दुपारी उठवता येत नाही, हे मी जन्मभर पाहत आले. टेम्पोवाला दिलवरसिंग मुकाट्याने चौथा खात होता. चांगला माणूस.

मला साडेचार वाजेपर्यंत टेम्पो हलू द्यायचा नव्हता.

सकाळीच नंदुरबारहून नातीचा, रुचिकाचा, फोन आला होता. "आजी, तुमची ती भिंतवाली मालिका परत लागते आहे. आज चारला शेवटचा भाग." ते ऐकलं आणि मी पुरण दुप्पट वाटायला घेतलं.

भिंतवाली हे नाव आम्हीच ठेवलेलं. मालिकेत कमला आणि शोभना या दोन शेजारणी. मध्ये एक भिंत, तिच्यावरून साखर जायची, भांडण जायचं, शोभनाचा नवरासुद्धा एकदा गेला होता. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत टीव्ही एकच, धर्मेंद्रच्या आईकडे, अनुसयाकडे. आमच्या दोघींच्या अंगणातही एकच भिंत, म्हणून गल्ली आम्हाला त्याच नावांनी हाका मारायची. मी कमला, ती शोभना.

शेवटच्या भागाच्या दिवशी लाईट गेली. अनुसयाच्या नवऱ्याने, रतिलालभाऊंनी, ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला लावली. सगळी गल्ली जमली. काही चुकायला नको म्हणून आम्ही तासभर आधीच टीव्ही सुरू केला. शेतीची माहिती पाहिली, जाहिराती पाहिल्या. मग मालिका लागली. शोभनाच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली होती. दारात रिक्षा उभी. शोभनाने एक पाय रिक्षात ठेवला आणि चित्र आकसत आकसत एक पांढरा ठिपका झालं. बॅटरी संपली.

तेव्हापासून अनुसया म्हणते, शोभना रिक्षात बसली. मी म्हणते, उतरली. कापूस वेचताना भांडलो, पापड लाटताना भांडलो. रतिलालभाऊ गेले तेव्हा तेराव्यानंतर ती महिनाभर बोलत नव्हती. एक दिवस भिंतीजवळ जाऊन मी म्हटलं, "शोभना उतरनी व्हती." आतून आवाज आला, "बसनी व्हती." त्या दिवशी ती जेवली.

आता मुलगा तिला सुरतला न्यायला आला होता. त्याचंही चूक नव्हतं. ती न्हाणीघरात दोनदा पडली होती.

पावणेचारला निंबाखाली दोन बाजा होत्या. एकीवर धर्मेंद्र घोरत होता, दुसरीवर दिलवरसिंग. मी पायातल्या चपला हातात घेतल्या आणि निघाले. अनुसया रिकामं घर झाडत होती.

"फेक ती झाडनी. भिंतवाली लागी ऱ्हायनी. शेवटना भाग."

"मन्ही मस्करी करू नको, कौसा."

"रुचिकाना फोन व्हता."

झाडणी तिथेच पडली. गुडघ्यांची तक्रार करणारी ही बाई माझ्यापुढे धावत माझ्या ओट्यावर चढली. "म्हनीसन मांडा व्हतात का?" ती हसायला लागली. "मन्हा पोऱ्याले झोपाडी दिधं तू."

"आते गप बठ."

मालिका लागली आणि आम्ही पोरींसारख्या टीव्हीला चिकटून बसलो. कमला केवढी तरुण होती. अनुसयाने माझ्या दंडाला चिमटा काढला. "दख, तुन्हामायक नाक."

"तुन्ही शोभना कितली जाडी शे, ते दख."

पुण्याच्या बदलीचा कागद आला. कमलाने भिंतीवरून शेवटची साखर दिली. सामान निघालं. रिक्षा दारात आली. शोभनाने एक पाय उचलला.

अनुसयाने माझ्या मांडीवरचा रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

मी रिमोट ओढायला गेले. "काय करं वं हाई? पस्तीस वरीस..."

"तुन्हं खरं निंघनं तं माले टेम्पोमा बसता येवाव नही."

"आनि तुन्हं निंघनं तं?"

"तं तू माले बसू देवाव नही."

बाहेर कोणीतरी जागं झालं. खाट करकरली, मग धर्मेंद्रचा आवाज आला, "माय, कोठे शे तू? साडेचार वाजनात." टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

टीव्हीच्या काळ्या काचेत दोन म्हाताऱ्या दिसत होत्या, शेजारी शेजारी. एकीचा पदर घसरला होता. तिने काचेत पाहूनच तो नीट केला, डोक्यावर घेतला, आणि माझा सरकलेला पदरही सारखा केला. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली.