मेलेल्या माशाची प्राणशक्ती

मुखो बंदरातल्या मासळीबाजारामागच्या गोदामात सकाळपासून म्हाताऱ्यांची ही गर्दी. आत शिरलं की टॉयलेट पेपरचे रोल फुकट, वर अंडी, वर माइकवर जुनी गाणी. आणि सगळ्यात शेवटी चमत्कार.

पांढऱ्या कोटातले गुक साहेब मखमली खोळीतली पट्टी पुढे करायचे. आजीबाईंनी तिच्यावर थाप मारली की वायरीला जोडलेला दिवा काजव्यासारखा मिणमिणायचा. साहेबांचा चेहरा पडायचा. एवढीच उरलीय प्राणशक्ती, आजी. मग आजींच्या कमरेला त्यांचा खास पट्टा बांधायचा, एका गाण्यावर नाचवायचं आणि पुन्हा थाप. आता दिवा असा लख्ख चमकायचा की गोदामभर टाळ्या. गोळ्या-इंजेक्शनांनी रक्त झोपतं म्हणे, आणि हा पट्टा त्याला गदागदा हलवून कामाला लावतो. रक्त नव्हे, जणू आळशी जावईच.

मागे भिंतीला टेकून बान ताल्सू उभा होता. पुढच्या रांगेत त्याची आई बसली होती. पट्टा घेतल्यापासून तिने साखरेचं इंजेक्शन बंद केलं होतं आणि पायाचं बोट काळं पडत चाललं होतं. ताल्सू ओरडला की ती म्हणायची, "माझा दिवा पेटतोय ना? तुझ्या डॉक्टरने कधी पेटवला?"

दिवा पेटवणारी ती पट्टी ताल्सूनेच बनवलेली होती.

शेजारच्या शहरात एका प्रयोगशाळेत तो असल्या पट्ट्या बनवायचा. दिसायला साधं प्लास्टिक, पण दाबलं की वीज निघते. नुसत्या प्लास्टिकमधून थोडीशी. त्यात चिनीमातीसारखी एक अतिबारीक पूड घातली की बरीच जास्त. पण धिरड्याच्या पिठात होतात तशा पुडीच्या गुठळ्या होतात, म्हणून कण सुटे ठेवणारं आणखी एक द्रव्य घालायचं. ते जमलं की पट्टी दिवा लख्ख पेटवते. हे जमवणं हाच ताल्सूचा धंदा.

शाळासोबती गुक टाकाऊ पट्ट्या मागायला आला तेव्हा म्हणाला होता, पोरांच्या जत्रेत खेळ करायचाय. दोघे प्यायला बसले. ताल्सू जन्माचा टवाळ. त्यानेच सुचवलं, एक पट्टी साधी, एक पूड घातलेली, दोन्हींना सारखी खोळ घाल, नाचाच्या गोंधळात बदल, लोक वेडे होतील. दोघे हसून हसून खुर्चीवरून घसरले. जत्रा-बित्रा काही नाही, हे दुसऱ्या बाटलीलाच त्याच्या लक्षात आलं होतं. तरी त्याला हसू आवरलं नव्हतं.

आज गुकने आईला पुढे बोलावलं. ती लंगडत निघाली. ते लंगडणं बघून ताल्सूला राहवलं नाही. त्याने शेजारच्या बोंग्नेमावशीच्या टोपलीतला लाकडासारखा कडक सुका मासा उचलला आणि आईच्या आधी मंचावर चढला. गुक त्याच्या कानाशी लागला. घरी जा, तुझाही हात यात आहे.

ताल्सूने हसऱ्या चेहऱ्याने, आधीच्या आजींच्या नाचानंतर टेबलावर राहिलेल्या पट्टीवर मासा आपटला. दिवा लख्ख.

"मावशी, हा मासा कधी मेला?"

"गेल्या हिवाळ्यात. आतडी मीच काढली की."

"मग माझ्या आईपेक्षा याच्यात जास्त प्राणशक्ती कशी?"

गोदाम खदखदा हसलं. गुकही कच्चा नव्हता. बर्फात वाळलेल्या माशात समुद्राचं तेज साठतं, असं त्याने ठोकून दिलं. तेवढ्यात ताल्सूने टेबलाखाली हात घालून दुसरी पट्टी ओढली, वायरी तिला जोडल्या आणि तोच मासा तिच्यावर आपटला. दिवा मिणमिणला.

बोंग्नेमावशी म्हणाली, "अगं बाई, एवढ्यात आजारी पडला?"

ताल्सूने दोन्ही खोळी फाडून पट्ट्या दाखवल्या, पूड समजावली. लोक हसत होते, शिव्या देत होते. मग मावशीने विचारलं, "पण तुला रे एवढं कसं माहीत?"

कुठेतरी वाचलं, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. गुक त्या थापेचीच वाट बघत गालात हसत होता.

"पट्ट्या मी बनवल्या," ताल्सू म्हणाला. "युक्तीही मीच शिकवली."

आईने कमरेचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला. तिने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"मी तुला बोट दाखवत होते तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

दवाखान्यात बोट कापावं लागलं. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. शुद्धीवर आल्यावर आईने त्या दोन पट्ट्या आणि दिवा मागवला. ताल्सू वायरी जोडायला वाकला तर म्हणाली, "तू लांब उभा राहा. हात लावू नकोस." तिने स्वतः वायरी जोडल्या, दोन्ही पट्ट्या आलटून पालटून दाबून बघितल्या. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला दाबायला दिल्या. ताल्सू दाराशी उभाच.

तेव्हा मंडळी, कुणी तुमचा दिवा पेटवून दाखवला तर टाळी वाजवायच्या आधी एवढंच मागा: उपचाराआधी जी पट्टी, तीच उपचारानंतर, आणि दाखवणाऱ्याने लांब उभं राहायचं. तो पोटचा पोरगा असला तरी.