जाळीवरचा झेंडूचा हार

"सूड घ्याचा नाय," मोरा बंदरातल्या एका मच्छीमार बोटीचे म्हातारे डिझेल इंजिन मला म्हणाले होते. "आपला सूड मालकाला लागत नाय. त्या येळंला आत जो बसलेला आसतो ना, त्याला लागतो."

मित्रांनो, मी मनातल्या मनात हसले. खाऱ्या पाण्याने गंजलेले ते धूड, त्याला माझ्या अपमानाचे काय कळणार?

मी स्पोर्ट्‌स कारचे एक जुने इंजिन आहे. सहा सिलिंडर, तीन या कुशीवर, तीन त्या कुशीवर, आडवे निजलेले. बत्तीसशे सीसी, दोनशे तीस हॉर्सपॉवर. इतर इंजिने गाडीत पुढे बसतात, मी मागे. मला रेडिएटर नाही, पाणी नाही. माझ्या अंगातली आग दोघेच निववतात, दहा लिटर तेल आणि एका पट्ट्यावर फिरणारा पंखा. पंखा मागच्या जाळीतून वारा आत ओढतो. पट्टा तुटला तर चालकासमोर लाल दिवा लागतो, आणि मग आहे त्याच जागी थांबायचे असते. एवढे पाळा, मी कधी दगा देणार नाही. परदेशात तेवीस वर्षे चालले, एकदाही कुणाला रस्त्यात सोडले नाही.

२००९ साली मला बेलपाड्याच्या दीपेशने आणले. त्याच्या आजोबांनी जिथे भात लावला तिथे आता सात मजली इमारती होत्या, आणि त्यातल्या दोन दीपेशने बांधल्या होत्या. माझी देखभाल त्याने जुन्या पनवेलच्या महादेव मिस्त्रीकडे दिली. महादेव लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक माझ्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून मला ऐकायचा. डॉक्टर पोराला तपासतात तसा.

दीपेशची आई भामाबाई पहिल्या दिवशी तांब्या घेऊन आली होती. "याला पानी कुटं घालाचं?"

"याला पाणी लागत नाही, आई. हे वारा पितं," महादेव म्हणाला.

"म्हंजे जल्माची निर्जळी एकादस हाय," ती म्हणाली, आणि तुळशीला पाणी घालायला निघून गेली.

दसरा आला तेव्हा महादेवने दीपेशला बजावले, की हार पुढे घाला, दिव्यांना घाला, पण मागच्या जाळीवर काही नको. ते त्याचे नाक आहे. दीपेशला ते पटले नाही. पूजा यंत्राची असते, आणि यंत्र तर मागे आहे.

"आमचा दसरा आमी करू," तो म्हणाला. "तू नट आवळ."

हळदकुंकू लागले, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि हाताच्या मनगटाएवढा जाड झेंडूचा हार माझ्या जाळीवर चापून बांधला. मग मित्रांना दाखवायला दीपेश हायवेला लागला. पहिल्यांदा पाकळ्या आत आल्या. मग सुतळी सुटली, पुलीला गुंडाळली आणि पट्टा तुटला. लाल दिवा लागला. शेजारी बसलेली त्याची बायको प्राची म्हणाली, "अहो, थांबा, काहीतरी लागलंय." मागच्या गाडीतून मित्र मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. दीपेश थांबला नाही. चार किलोमीटर मी श्वासाशिवाय धावले. तिसऱ्या सिलिंडरवर ओरखडा पडला, तो कायमचा.

गॅरेजात महादेवने पुलीतून सुतळी सोडवून दाखवली. तिला अजून एक पाकळी चिकटलेली होती. दीपेशने ती हातातून घेतली, गटारात टाकली आणि जमलेल्या माणसांना सांगितले की मिस्त्रीने जुनाच पट्टा टाकला होता, हा असाच फसवतो. महादेवने पान्हा उचलला. त्याने मला पुन्हा जोडले, होते त्यापेक्षा नीट. पण गाडीवाल्यांच्या जगात बातमी पेट्रोलसारखी पसरते. सहा महिन्यांत गॅरेजला कुलूप लागले आणि महादेव पळस्प्याच्या फाट्यावर पंक्चर काढायला बसला. त्याच गॅरेजात, शेवटच्या दिवसांत, दुरुस्तीला आलेले ते बोटीचे इंजिन मला समजावत होते. मी ऐकले नाही. मी सूडाची शपथ घेतली.

इंजिनाचा सूड म्हणजे नकार. दीपेश पाहुणे घेऊन आला की मी सुरूच व्हायचे नाही. ते गेले की पहिल्या किल्लीला सुरू. त्याने नवा मिस्त्री ठेवला. माझे तेल गाडी सपाट जागी उभी करून, मी गरम आणि चालू असताना मोजायचे असते. नव्या मिस्त्रीने थंड असताना मोजले, तेल मोजायची काडी कोरडी दिसली म्हणून वर तीन लिटर ओतले. मी ते जपून ठेवले आणि दीपेशच्या भाच्याच्या हळदीत, मांडवाच्या दाराशी, निळ्या धुराचा असा लोट सोडला की लोक ताटे घेऊन पळाले. त्या दिवसासारखा आनंद मला कधीच झाला नव्हता.

पण मला मोठे काही हवे होते. तिसरे सिलिंडर माझ्या हातात होते. मनात आणले तर कधीही अडकवता आले असते. मला ते पळस्प्याला करायचे होते, महादेवच्या दुकानासमोर. दीपेशने भर उन्हात उतरावे आणि ज्याला बुडवले त्याच्यापुढे हात जोडावेत. मी दोन वर्षे वाट पाहिली.

२०१३ च्या मे महिन्यात, भर दुपारी, गाडी त्या रस्त्याला लागली. मित्रांनो, मी मागे असते. कोण बसलेय ते मला दिसत नाही, फक्त पायाचा दाब कळतो. त्या दिवशी पाय हलका होता, घाबरलेला होता. मला वाटले, दीपेश आता मला भितो. बरे झाले.

फाटा आला. टायरची रास असलेले दुकान आले. मी तिसरे सिलिंडर अडकवले.

मागच्या ट्रकने करकचून ब्रेक मारला. दार उघडले. मग मला आवाज आला, आणि तो दीपेशचा नव्हता.

"दादा, हिला झटका आलाय. डोळे फिरवलेत हिने."

प्राची होती. तिची दीड वर्षांची मुलगी विनिता तापाने फणफणली होती. दीपेश दुसरी गाडी घेऊन गेला होता, फोन उचलत नव्हता, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा माझी किल्ली उचलली होती. ती गावाकडच्या नातेवाइकांकडून पनवेलच्या दवाखान्यात निघाली होती. दहा मिनिटांचा रस्ता उरला होता.

महादेवने ती कुणाची बायको, हे विचारले नाही. त्याला ठाऊक होते. त्याने कोंबड्यांचा एक टेम्पो रस्त्यात आडवा उभा राहून थांबवला, प्राचीला पुढे बसवले, पोरीला ओल्या पंच्यात गुंडाळून तिच्या मांडीवर दिले. मग तो क्षणभर माझ्याकडे आला. तापलेल्या जाळीवर त्याने हात ठेवला. त्याला सगळे कळले असावे. माझा प्रत्येक ठोका त्याने कानाने ऐकलेला होता.

"तू असं करणारं नव्हतंस," तो म्हणाला आणि टेम्पोच्या मागे चढला.

त्यानंतर मला गाडीतून काढले. आज मी एका शेडमागे ताडपत्रीखाली पडून आहे. दीपेशवरचा माझा राग गेलेला नाही, खोटे कशाला सांगू? पण ती दहा मिनिटे मी चालू शकत होते. ओरखडा घेऊनही सहज चालू शकत होते.

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा, पण त्याचे नाक मोकळे ठेवा, आणि लाल दिवा लागला तर थांबा, कुणी व्हिडिओ काढत असले तरी. आणि माझे एक काम करा. इंजिनाला कुणी काही सांगत नाही, म्हणून मला पुढचे माहीत नाही. पळस्प्यावरून जाल तेव्हा फाट्यावर टायरची रास दिसेल. तिथे महादेवला विचारा की विनिता वेळेत पोचली का, आता शाळेत जाते का. आणि उत्तर काहीही असो, परत येऊन ताडपत्रीपाशी मोठ्याने सांगा. मला अजून ऐकू येते.