मोकळी फणी

"थोडा डावीकडं सरक, विठू. हात दिसाया पायजे तुझा, डोकं नको," धनेश मोबाईल डोळ्यांसमोर धरून म्हणाला.

विठू सरकला. भिवंडीतल्या कामतघरच्या या यंत्रमाग कारखान्यात तो सव्वीस वर्षं लूमच्या मागे मांडी घालून बसत आला होता आणि इतक्या वर्षांत त्याचा हात कुणाला बघावासा वाटला नव्हता. त्याचं काम बीम, म्हणजे उभ्या सुताच्या तारा गुंडाळलेला रूळ, जोडायचं. लूमवरचं एक बीम संपलं, की नव्या बीमची एकेक तार जुन्या तारेला गाठ मारून जोडायची. अशा चोवीसशे तारा. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक कधीकाळी लूमच्या पट्ट्यात गेलं होतं, तरी दिवसाला एक बीम तो हातावेगळं करायचा. त्याची गाठ कापडात शोधून सापडत नसे.

धनेश हा कारखान्याच्या मालकाचा, भूपेशशेठचा मेहुणा. वॉर्डात पक्षाचं काम करायचा आणि निवडणूक तोंडावर आली होती. शेजारच्या देशाशी पंधरा दिवस तणातणी चालली होती. आपल्या मोठ्या पुढाऱ्यांनी सभेत हात उगारून सांगितलं होतं, की त्यांचा व्यापार तोडू, त्यांना गुडघ्यावर आणू. तिकडच्या पुढाऱ्यांनी त्यांच्या सभेत जवळपास हेच सांगितलं होतं, फक्त गुडघे आपले होते. आता गंमत अशी, की भूपेशशेठच्या छत्तीस लूमवर गेली एकोणीस वर्षं जे चौकड्यांचं कापड विणलं जात होतं, ते सगळंच्या सगळं त्याच देशात जात होतं. एकच व्यापारी ते घ्यायचा.

"आता काप," धनेश म्हणाला.

नऊ नंबरचं लूम बंद करून ठेवलं होतं. विठूने कात्री चालवली आणि ताणलेल्या तारा एकदम सैल पडल्या. त्याने फणीच्या मागच्या बाजूने, वीतभर तार सोडून कापलं होतं. फणी म्हणजे लोखंडी बारीक दात्यांची लांबलचक चौकट, तिच्यातून प्रत्येक तार ओवलेली असते. लूम महिनाभर बंद ठेवायचं असो की वर्षभर, फणीतली तार कुणी काढत नाही. तिथे जी वीतभर शेपटी लोंबत राहते, तिलाच पुढच्या बीमची गाठ बसते.

"ह्या तारा लोंबतायत अजून," धनेश म्हणाला. "ओढून काढ सगळ्या. लोकांना फणी रिकामी दिसली पायजे."

"धनेशभाऊ, फणीतली तार काढत न्हाय कोण. परत ओवायची म्हंजे दोन मानसं, दोन दिवस जातात."

"परत कशाला ओवायची? संबंधच तोडायचाय ना?"

विठूने भूपेशशेठकडे पाहिलं. शेठ खिशात हात घालून उभा होता. "काढ," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत येतील लायनीवर."

इथे खरं ते सांगायला हवं. विठूवर कुणी जबरदस्ती केली नाही. आदल्या संध्याकाळी टेमघरच्या चौकात लावलेल्या पडद्यावर त्याने ते भाषण पाहिलं होतं. शहापूरकडच्या गावातून अठराव्या वर्षी तो इथे आला, तेव्हापासून मुकादमापुढे वाकला, खोलीमालकापुढे वाकला, रेशनच्या दुकानात वाकला, आणि लूमखाली तर वाकूनच असायचा. त्या पडद्यावर कुणीतरी त्याच्या वतीने ताठ उभं राहून मोठ्याने बोलत होतं. त्याचा ऊर भरून आला होता. तो भर अजून ओसरला नव्हता.

त्याने मूठभर तारा धरल्या आणि ओढल्या. त्या सरसर निघाल्या. मग दुसरी मूठ, तिसरी. फणी मोकळी झाल्यावर त्याने मान वर केली, कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, "आता विणा म्हणावं तुम्ही."

हे बोलायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दारात भूपेशशेठचे वडील, बाळारामशेठ, येऊन उभे राहिले. खाडीकाठची भाताची जमीन सांभाळून या म्हाताऱ्याने चार लूमवर धंदा सुरू केला होता. त्यांची नजर थेट नऊ नंबरवर गेली.

"फणी कोनी मोकली केली?"

"बाबा, व्हिडीओसाठी हाय," भूपेशशेठ म्हणाला. "एकाच लूमची."

"माझ्या टायमाला दोन येला बंद झाला हा धंदा. एकदा चार म्हयने. लूमवर चादरी टाकून ठेवल्या. ज्या दिवशी उघारला, त्या दिवशी दुपारपर्यंत लूम चालू. भांडन सरकारांचा, तार आपली."

"इतकी वर्सां मान खाली घालून काय भेटला आपल्याला, काका?" धनेशने विचारलं.

"एकोनीस वर्सां काम भेटला," म्हातारा म्हणाला आणि परत फिरला. धनेश हसला, विठूही हसला.

व्हिडीओ दोन दिवसांत गावभर झाला, मग भिवंडीच्या बाहेर गेला. चहाच्या टपरीवर विठूकडून पैसे घेईनात. एका रिक्षावाल्याने त्याला ओळखून पाठीवर थाप मारली. लोक त्याला 'कात्रीवाला विठू' म्हणू लागले. मुलगी रुचिका कॉलेजातून आली की मैत्रिणींनी काय काय म्हटलं ते सांगायची, आणि हा माणूस चक्क इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जायला लागला. बायको रूपा तेवढी म्हणाली, "आता माल कुनाला घालनार शेठ?" त्याने तिला वेड्यात काढलं.

सरकारने त्या देशाशी व्यापार बंद केला आणि पंधरा दिवस गेले. मग महिना गेला, चार महिने गेले. पलीकडचे लोक गुडघ्यावर आले नाहीत, त्यांनी तिसऱ्याच देशातून कापड घ्यायला सुरुवात केली. इकडे निवडणूक झाली, धनेशचा पक्ष वॉर्डात जिंकला, गुलाल उधळला गेला. आणि भूपेशशेठची लूम एकेक करून थांबली. इथल्या बाजारात त्या चौकड्या कुणी विचारत नव्हतं. यूपीचे कारागीर गाठोडी बांधून गेले. रूपा गोदामात खोके चिकटवायला जाऊ लागली. शेठने विठूला तेवढं ठेवलं होतं, अर्ध्या पगारावर, लूमची धूळ झाडायला आणि तेलपाणी करायला.

त्या शांततेने विठूला धरलं. रात्री घरी जेवताना तो हात तसाच खरकटा ठेवून उठायचा.

"कुठं चाललात?" रूपा विचारायची.

"नऊ नंबरचं बीम संपत आलं."

"कुठलं बीम? ऐका जरा. कायपन वाजत न्हाय."

तो ऐकायचा. खरंच काही वाजत नसे. मग तो खाली बसायचा आणि दोन घासांनी पुन्हा त्याला नऊ नंबर ऐकू यायचं, संपत आलेल्या बीमचा तो हलका, पोकळ आवाज.

पण त्याहून वाईट होतं ते त्याचं स्वतःचं बोलणं. व्हिडीओ अजून फिरत होता. चाळीच्या जिन्यात कुणाच्या तरी मोबाईलमधून, बंद खिडकीच्या आतून, पुढे चाललेल्या रिक्षातून अचानक त्याचाच आवाज यायचा, "आता विणा म्हणावं तुम्ही." एकदा तो सार्वजनिक नळावर बादली टाकून पळाला. आपलाच आवाज आपल्याला अहोजाहो करतोय आणि आपल्याला विणता येत नाहीये, असं त्याला वाटायला लागलं. रूपाला हे सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने सांगितलं नाही.

नवव्या महिन्यात दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली. हारतुरे झाले, व्यापार पुन्हा खुला झाला. मुत्सद्देगिरीचा विजय म्हणून धनेशने नाक्यावर पेढे वाटले. हातात पेढा घेऊन विठू कारखान्यात आला, तेव्हा भूपेशशेठ त्याचीच वाट बघत होता. बाळारामशेठही खुर्चीवर येऊन बसले होते.

"जहीरुलसाहेबांना फोन लावतोय," शेठ म्हणाला. जहीरुलसाहेब म्हणजे एकोणीस वर्षं माल घेणारा तो व्यापारी. "ते हो बोलले तर सगळी लूम चालू. न्हाय बोलले तर भंगारवाला लूम बघून गेलाय. तू थांब इथंच."

फोन स्पीकरवर लागला. आधी बरीच ख्यालीखुशाली झाली. मग भूपेशशेठने घसा साफ केला. "जहीरुलभाई, अब तो रास्ता खुल गया. आपका माल कब से चालू करें?"

"भूपेश, तुम मेरे छोटे भाई जैसे हो. मैंने दूसरी जगह पाँच साल का सौदा कर लिया. माल उनका हलका है, भाव भी ज्यादा है."

"फिर क्यों?"

"तार काटे, वो मैं समझता हूँ. सियासत है. हमारे यहाँ भी तुम्हारे कपड़े की होली जलाई गई, मैंने खुद दो गट्ठर निकालकर दिए. मगर मैं बुनकर का बेटा हूँ. मैंने वीडियो में देखा, फनी खाली की. फनी वो खाली करता है जिसको दोबारा बुनना ही नहीं."

"वो तो एक ही लूम की थी. दिखाने के लिए."

"मालूम है. लेकिन कल फिर कोई सभा में बोलेगा, और तुम फिर दिखाओगे. मुझे गुस्सा नहीं है, भूपेश. अब डर लगता है. और वो हाथ भी मैंने पहचाना. छोटी उँगली कटी हुई. मैं आया था तब उसने मेरे सामने गाँठ मारी थी, मैं ढूँढ नहीं पाया था. विठू है न वो?"

भूपेशशेठने विठूकडे पाहिलं नाही. विठू पुढे झाला.

"हाँ साहेब. मैं विठू."

"तुमको शेठ ने बोला था?"

वाट मोकळी होती. हो म्हणायचं आणि सुटायचं. तिथल्या तिघांनाही ते कळलं. भूपेशशेठने मान खाली घातली.

"काढने को बोला था," विठू म्हणाला. "पर वो आखिर में, अब तुम बुनो, वो मैं अपने मन से बोला."

"क्यों बोला?"

देशासाठी म्हणावं, तर ते खोटं नव्हतं. अपमान झाला होता म्हणावं, तर तेही खोटं नव्हतं. पण गेले नऊ महिने तो आवाज पाठीमागून यायचा, तेव्हा यातलं एकही उत्तर त्याच्या कामी आलं नव्हतं.

"उस दिन अच्छा लगा था, साहेब."

लाइन तुटली असं वाटून भूपेशशेठने फोनकडे हात पुढे केला.

"हमारे यहाँ भी," जहीरुलसाहेब हळूच म्हणाले, "उस दिन सबको बहुत अच्छा लगा था."

मग त्यांनी विठूच्या मुलीचं शिक्षण कुठवर आलं ते विचारलं, बाळारामशेठना सलाम सांगितला आणि फोन ठेवला. म्हातारा काठी टेकत उठला. विठूजवळून जाताना त्याने एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडला.

"उद्या भंगारवाल्याला बोलावतो," भूपेशशेठ म्हणाला. "तू जा आता घरी."

विठूने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेपाच वाजले होते.

"आठपर्यंत ड्युटी हाय, शेठ."

दाराजवळचं स्टूल ओढून तो लूमकडे तोंड करून बसला. भूपेशशेठने दिव्याच्या बटणाकडे नेलेला हात मागे घेतला आणि दिवा चालूच ठेवून तो निघून गेला.